ते पोतं कुठंय?

गुरुवारची सुट्टी होती. शेजारच्या काकांना एक जुना बेंच व्हाइस हवा होता, म्हणून आम्ही दोघं चिखलीच्या बाजूला एका भंगाराच्या दुकानात गेलो. काका पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झालेत. मी चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीत आहे. जुन्या मालात हात घालायचा म्हटलं की आम्हा दोघांना कंटाळा कधीच येत नाही.

व्हाइस काही मिळाला नाही. पण काट्याशेजारी दोन वस्तू पडल्या होत्या आणि आम्ही दोघंही तिथंच थबकलो.

पहिली बिडाची. खाली टेबलाच्या कडेला आवळायचा स्क्रू, एका बाजूला लाकडी मुठीचं हँडल. हँडल फिरवलं की पुढचं पितळी डोकं फिरायचं. डोक्यासमोर एक आडवी खोबण, नळीसारखं काहीतरी तिच्यात झोपवता यावं अशी. आणि त्या नळीला डोक्याकडं ढकलायला एक छोटी दांडी. दुसरी वस्तू म्हणजे लाकडी दांड्याचा पितळी पेला. त्याचा तळ वर-खाली सरकत होता आणि अंगावर बारीक आकडे कोरले होते.

मी म्हणालो, "शेवयाचं यंत्र असणार."

माल निवडणारा पोरगा म्हणाला, "दादा, सोड्याच्या बाटलीला बूच मारायचं असंल." तो परभणीकडचा, वय असेल एकोणीस-वीस.

शेठनं मानही वर केली नाही. "बीड आणि पितळ," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीनं ओळख तिथं पूर्ण झाली होती. बिडाचा भाव वेगळा, पितळेचा वेगळा.

काकांनी पिशवीतनं व्हर्नियर काढलं. व्हाइस बघायला जाताना व्हर्नियर कशाला लागतं, हे त्यांना विचारण्यात अर्थ नसतो. आधी खोबण मोजली, वीस मिलिमीटरच्या जरा वर. मग आट्यांची गेज लावली. मिलिमीटरची एकही पात बसेना, इंची बसली. आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा, म्हणजे व्हिटवर्थ, म्हणजे माल विलायती. मग पितळी डोक्यात मोबाइलचा टॉर्च मारला. आत गोलाई होती आणि बारीक पिना होत्या. "हे काही कापत नाही," काका म्हणाले. "दाबतही नाही. कशाची तरी मऊ कड आतल्या बाजूला वळवतं. कागदाची वगैरे."

पेल्यावरचे आकडे बघून मी म्हणालो, "काका, हे पेग मापायचं दिसतंय."

काका हसले. "दारूचंच माप आहे रे. पण ही दारू ती नव्हे."

पेल्याच्या एका बाजूला ड्रॅमचे आकडे होते, दुसऱ्या बाजूला औंसचे. एका बाजूनं बंदुकीची दारू मोजायची, दुसऱ्या बाजूनं छर्रे. आणि ते बिडाचं यंत्र काडतुसाचं तोंड बंद करायचं. बारा बोअरच्या शिकारी बंदुकीचं काडतूस घरच्या घरी पुन्हा भरण्याची ती हत्यारं होती. काकांनी लहानपणी मावळात एका वाड्यावर असं एक यंत्र खिडकीच्या फळीला आवळलेलं पाहिलं होतं.

मला फार आनंद झाला. एखादी अनोळखी वस्तू ओळखू आली की होतो तसा. आता काका तिची सगळी गोष्ट सांगतील म्हणून मी सरसावून उभा राहिलो. पण काकांचा चेहरा बदलला होता. त्यांनी शेठला विचारलं, "हे ज्या पोत्यातनं आलं, ते पोतं कुठंय?"

पोतं मागं होतं. पोरगा त्यातला एकेक नग काढून लोखंडी ठोकळ्यावर ठेवत होता आणि घणानं पितळ वेगळं करत होता. तेच त्याचं काम. काकांनी त्याला थांबवलं. अर्धं पोतं उरलं होतं. त्यात कड्या, बिजागऱ्या, एक तुटका अडकित्ता, काडतुसांची चार-पाच पितळी बुडं आणि एक चपटा गोल डबा होता. गंजलेला, झाकण घट्ट. काकांनी तो हलवून पाहिला नाही. पोऱ्यालाही हलवू दिला नाही. "यात टोप्या असू शकतात," ते म्हणाले.

शेठ आता उठून आला होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो जे बोलला, ते अजून माझ्या डोक्यातनं गेलेलं नाही.

"काका, तुम्ही नाव सांगितलंच नसतं तर? तुम्ही सांगेपर्यंत हे नुसतं बीड होतं."

---

शेठचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण त्याआधी ती वस्तू नेमकी काय करायची हे नीट समजून घेऊ, कारण सगळा प्रश्न तिथंच आहे.

जुनं बारा बोअरचं काडतूस म्हणजे एक कागदी नळी आणि तिला पितळेचं बूड. बुडाच्या मध्यभागी एक छोटी टोपी. बंदुकीचा घोडा पडला की पिन टोपीवर आपटते, टोपीतला मसाला पेट घेतो, त्यानं दारू पेटते आणि छर्रे बाहेर पडतात. बार उडाला की नळी आणि बूड शिल्लक राहतं. मग वापरलेली टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, पेल्यानं दारू मोजून ओतायची, वर नमद्याचा डाट, मग छर्रे, मग पुठ्ठ्याची गोल चकती, आणि शेवटी नळीची कड आत वळवून तोंड बंद. ते शेवटचं काम त्या हँडलवाल्या यंत्राचं.

हा खटाटोप कशासाठी? काडतुसं बोटीनं यायची आणि महाग पडायची. पावसाळ्यात कागदी नळी फुगायची. फुगलेलं काडतूस नळीत जात नाही. मग लागतील तशी घरीच भरलेली बरी. बारा बोअर हे नावही त्याच जुन्या हिशोबातलं आहे: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत चपखल बसेल ती बारा बोअरची. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारीवर निर्बंध आले, आणि अशा यंत्रांचं घरातलं काम संपत गेलं. खिडकीवरनं माळ्यावर, माळ्यावरनं पोत्यात.

यात एक खोच आहे. पेल्यावरचे ड्रॅमचे आकडे काळ्या दारूसाठी कोरलेले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली. ती कितीतरी जास्त ताकदीची. कुणी तोच पेला त्याच आकड्यापर्यंत बिनधुराच्या दारूनं भरला, तर बंदूक हातातच फुटू शकते. म्हणजे ज्याला हा पेला कशाचा हे अजिबात माहीत नाही, तो त्यात फार तर पेन ठेवेल. ज्याला अर्धंच माहीत आहे, त्याचा हात जाईल.

ओळखण्याच्या बाबतीत पहिली गोष्ट मला इथं कळली. ओळख म्हणजे एक दिवा नाही, की बटण दाबलं आणि सगळं दिसलं. शेठनं वस्तू कशाची आहे ते ओळखलं. मी कशासारखी दिसते ते ओळखलं आणि चुकलो. काकांनी आधी कुठल्या कारखान्यातली, मग कशासाठी, हे ओळखलं. आणि त्यापुढची एक पायरी होती, जी माझ्या लक्षातही आली नव्हती: ही वस्तू इथं आहे तर तिच्यासोबत आणखी काय असेल, आणि त्याच्यासमोर आत्ता कोण बसलंय?

---

आता शेठचा प्रश्न. कायदा, गंमत म्हणजे, बराचसा शेठसारखाच विचार करतो.

आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याची व्याख्या आहे. तिच्यात गोळ्या आणि बॉम्ब तर आहेतच, पण दारूगोळ्याचे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही आहे. म्हणजे कायद्याच्या भाषेत काडतूस तयार करणारं यंत्र हेही दारूगोळाच. त्याच कायद्यात कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, किंवा दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा शस्त्रांना सूट आहे. आमचं खिडकीवरचं यंत्र यातल्या नेमक्या कुठल्या कप्प्यात बसतं, हे ठरवणं वकिलांचं काम. पण बीड आणि पितळ म्हणून वजनावर घेतलेली वस्तू नाव कळताच त्या कप्प्यांच्या दारात जाऊन उभी राहते, एवढं नक्की.

दुसरीकडं, नुसती वस्तू जवळ सापडली म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही. १९७२ साली गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शस्त्र कायद्यातल्या ताब्यात जाणीव हवी. आपल्याजवळ काय आहे हे माणसाला ठाऊक असलं पाहिजे. १९९४ साली संजय दत्तच्या प्रकरणात घटनापीठानं टाडा कायद्यातल्या ताब्याचाही अर्थ असाच जाणीवपूर्वक ताबा असा लावला. हे न्यायाचंच आहे. नाहीतर पोतं उचलणारा प्रत्येक हमाल आत जाईल.

म्हणजे शेठचं गणित बरोबर आहे. काका बोलण्याआधी त्याच्याजवळ बीड होतं. काका बोलले आणि त्याच्याजवळ एक प्रश्न आला. वस्तू तीच, वजन तेच, जागा तीच. बदललं ते फक्त त्याला काय ठाऊक आहे, हे.

मग न कळणं हीच सगळ्यात सुरक्षित जागा नाही का?

---

दसऱ्याला शमीची गोष्ट सगळे सांगतात. पांडव अज्ञातवासात जाताना शस्त्रं शमीच्या झाडावर लपवतात, आणि कुणी जवळ फिरकू नये म्हणून फांदीला प्रेत बांधतात. पण विराटपर्वातला पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. वर्षभरानं राजपुत्र उत्तर त्या झाडाखाली येतो. सोबत बृहन्नडा, म्हणजे अर्जुन. उत्तर आधी झाडाला हात लावायला तयार नसतो. वर प्रेत आहे, शिवायचं कसं? मग चढतो, गाठोडं सोडतो, आणि आतली धनुष्यं न् तलवारी बघून विचारत सुटतो: हे धनुष्य कुणाचं? हे बाण कुणाचे? ही तलवार कुणाची? बृहन्नडा एकेक वस्तू ओळखून सांगते. हे गांडीव. हे भीमाचं. हे नकुलाचं.

यादी संपते तेव्हा उत्तराला आपसूक पुढचा प्रश्न पडतो: शस्त्रं इथं आहेत, तर पांडव कुठं आहेत? आणि अर्जुनाला स्वतःची ओळख द्यावी लागते. शस्त्रांची नावं सांगून तो बृहन्नडा राहू शकत नाही.

मला या गोष्टीतली एक बाब फार खरी वाटते. वस्तू ओळखणारा माणूस वस्तूच्या बाहेर उभा राहू शकत नाही. काकांनाही त्या दिवशी "हे काडतूस भरायचं यंत्र" एवढं सांगून व्हाइस शोधायला दुसऱ्या दुकानात जाता आलं नसतं. त्यांनी ओळखलं, त्या क्षणी तो डबा जितका शेठचा होता तितकाच त्यांचाही झाला.

आणि म्हणूनच न ओळखण्याचा मोह होतो. मला तर रोज होतो.

---

माझं काम सांगतो. समोर ड्रॉइंग असतं. त्यावर पार्ट नंबर, माप, टॉलरन्स, मटेरियल, हार्डनेस. मी पार्ट घेतो, तपासतो, हिरवा किंवा लाल टॅग लावतो. त्या पार्टबद्दल मला सगळं माहीत असतं. त्याचा व्यास मी मायक्रॉनमध्ये सांगू शकतो. फक्त तो काय आहे हे मला माहीत नसतं. बरेचदा अंदाज येतो: हा गिअरबॉक्समधला, हा ब्रेकमधला. कधी कधी अजिबात येत नाही.

एकदा एका लहान पार्टची बॅच आली. आकार असा की कुठल्याच गाडीत तो कुठं बसेल ते कळेना. मी सुपरवायझरना विचारलं, "सर, हा कशाचा?" ते म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये आहे तेवढं बघ." ते रागावले नव्हते. बहुतेक त्यांनाही माहीत नव्हतं. मी मापं बघितली, बरोबर होती, हिरवा टॅग लावला.

आपल्या पट्ट्यात हा प्रश्न नवा नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आहे. पिंपरीत कंपन्या येण्याच्या कितीतरी आधीपासून इथली माणसं सकाळी डबा घेऊन काडतुसं बनवायला जात होती. त्यांच्या आणि माझ्यात एक फरक आहे: ती काय बनवतात हे त्यांना माहीत असतं. फाटकावरच लिहिलेलं आहे. २००१ साली केंद्र सरकारनं संरक्षण उत्पादन खासगी कंपन्यांना खुलं केलं. तेव्हापासून असं काम फाटकावर पाटी नसलेल्या शेडमध्येही येऊ शकतं, पार्ट नंबर होऊन.

यावरून कुणी असं समजू नये की काडतूस बनवणं पाप आणि ब्रेक बनवणं पुण्य असं मी म्हणतोय. सीमेवरच्या जवानाच्या हातातलं काडतूस वेळेवर उडावं यासाठी खडकीत कुणीतरी जपून काम करतं, आणि ते मान राखण्यासारखंच आहे. शिवाय सगळं माहीत असलं म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. ज्यांच्या नावाची रायफल जगभर ओळखली जाते त्या मिखाईल कलाश्निकोव यांनी नव्वदी ओलांडल्यावर, २०१२ साली, रशियन चर्चच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. आपल्या रायफलीनं जी माणसं मेली त्यांच्या मृत्यूला आपण जबाबदार आहोत का, हा प्रश्न त्यांना छळत होता. आपण काय बनवलं हे त्यांच्याइतकं नीट कुणाला ठाऊक असणार? तरी प्रश्न उरलाच.

तेव्हा बनवावं की नाही, हा वेगळा आणि मोठा प्रश्न. माझा प्रश्न त्याआधीचा आणि लहान आहे. काय बनवतोय हे न विचारता मी जो शांत झोपतो, ती शांतता माझी कमाई आहे का? की कुणीतरी दुसरा तिचं बिल भरतोय?

---

आपल्या भाषेत वर्कशॉपमधल्या पान्याला, छिन्नीला, कानशीलाही हत्यार म्हणतात आणि तलवारीलाही हत्यारच म्हणतात. लहानपणी मला वाटायचं हा शब्द हत्येवरून आला असणार. तो हातावरून आला आहे. हातात धरायचं ते हत्यार. खंडेनवमीला आमच्या शॉपफ्लोअरवर लेथला झेंडूची माळ पडते, व्हर्नियरला कुंकू लागतं, कुणी हाइट गेजपुढं नारळ ठेवतं. नाव खंड्याचं, म्हणजे तलवारीचं, आणि पूजा मायक्रोमीटरची. कुणाला त्यात विसंगती वाटत नाही, आणि मलाही आता वाटत नाही. हाताच्या जवळ जे असतं त्याची त्या दिवशी पूजा होते.

पण हाताच्या जवळ काय आहे, हे हाताला कुणी सांगायचं?

२० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ, निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या जागेवर स्फोट झाला. सहा माणसं गेली. त्यात रोजंदारीवर आलेले मजूर होते. दारूगोळ्यासोबत येणारं काम शेवटी कुणाच्या हातात पोचतं, ते अशा दिवशी दिसतं. भंगाराच्या धंद्यात हे पुन्हा पुन्हा घडतं: वस्तू कारखान्यातनं निघते तेव्हा तिला नाव असतं, नंबर असतो, धोक्याचं लेबल असतं. हात बदलत जातात तसं एकेक गळत जातं. शेवटच्या हाताला फक्त वजन मिळतं.

शेठच्या गणितातली चूक मला इथं सापडली. "तुम्ही सांगितलं नसतं तर हे नुसतं बीड होतं," हे खरं होतं. पण कुणासाठी? शेठसाठी बीड होतं, कारण शेठ काट्यावर बसला होता. माझ्यासाठी शेवयाचं यंत्र होतं, कारण मी सुट्टीवर होतो. त्या पोरासाठी ते कधीच नुसतं बीड नव्हतं. त्याच्या हातात घण होता. जुन्या टोप्या किती वर्षं पडून आहेत याचा हिशोब ठेवत नाहीत, ठोकल्या की त्या उडू शकतात. त्या पोराला ठाऊक नव्हतं म्हणून डबा सुरक्षित झाला नव्हता. कायद्यासमोर अज्ञान त्याला वाचवेल. ठोकळ्यासमोर वाचवणार नाही.

न कळण्याची सोय एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, अशी ती वाटणी असते. आणि बहुतेक वेळा सोय वरच्या हाताची असते, जोखीम खालच्या हाताची. म्हणून "मला माहीत नव्हतं" हे वाक्य दोन माणसं म्हणतात तेव्हा ते एकच वाक्य नसतं. ज्याला विचारायची संधीच नव्हती, त्याच्या तोंडी ते निष्पाप आहे. ज्याला विचारता आलं असतं, पण उत्तर गैरसोयीचं असेल म्हणून ज्यानं विचारलं नाही, त्याच्या तोंडी नाही.

मला कल्पना आहे की प्रत्येक पार्टची जन्मकुंडली प्रत्येक ऑपरेटरला सांगत बसलं तर लाइन चालणार नाही. काही गोष्टी गोपनीय असतात आणि त्यालाही कारणं असतात. मी सगळ्यांना सगळं सांगा असं म्हणत नाही. पण ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला ती इजा करू शकते का, आणि आपण जे करतोय ते कुणाला इजा करायला जातंय का, एवढं विचारायचा हक्क त्या हाताला असावा. आणि वरच्याला ठाऊक असेल तर त्यानं विचारण्याची वाट बघू नये.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी नोकरी सोडलेली नाही. तो पार्ट कशाचा होता हे मला अजून कळलेलं नाही. पण आता ओळखू न येणारं काही आलं की मी विचारतो, आणि "ड्रॉइंगमध्ये आहे तेवढं बघ" म्हटलं की आणखी एकदा विचारतो. फार मोठी गोष्ट नाही. चारदा विचारल्यावर दोनदा उत्तर मिळतं.

---

त्या दुपारी शेठनं बराच वेळ का-कू केलं. पोलिसांना बोलवायचं म्हणजे दिवस गेला, शिवाय पुढं काय काय विचारतील कुणास ठाऊक. त्याची भीती खोटी नव्हती. काकांनी त्याच्याशी वाद घातला नाही. ते म्हणाले, "तुला फोन करायचा नसेल तर मी करतो. माझं नाव सांगतो. मीच ओळखलंय ना." आणि तिथल्याच एका उलट्या ड्रमवर बसून राहिले. शेवटी फोन शेठनंच केला.

तोवर डबा होता तिथंच ठेवला आणि सगळे लांब झालो. पोलीस आले, दोन-तीन तास गेले, आमची नावं लिहून घेतली, यंत्र, पेला आणि डबा घेऊन गेले. डब्यात खरंच काही होतं की नाही, ते आम्हाला समजलं नाही. कदाचित रिकामा असेल. कदाचित कुणाच्या आजीनं त्यात बटणं ठेवली असतील. काकांना त्याचं काही वाटलं नाही. ते शोधायला आले होते तो व्हाइस मात्र राहिला.

निघताना तो पोरगा मागनं आला. "दादा, त्यात काय होतं म्हणाले काका?"

मी सांगायला लागलो. पितळी बूड, मध्ये टोपी, पिन आपटते, मसाला पेटतो. त्यानं मध्येच थांबवलं, आत गेला आणि मूठभर वस्तू घेऊन आला. वेगवेगळ्या पोत्यांतनं निघालेल्या, त्याला कधी ओळखू न आलेल्या. त्यानं त्या बाजूला ठेवून दिल्या होत्या. कुणाला विचारायचं ते माहीत नव्हतं म्हणून.

काकांनी पुन्हा व्हर्नियर काढलं आणि आम्ही तिघं पायरीवर बसलो. पहिली वस्तू सायकलच्या डायनॅमोची निघाली.